अकरा फूट चार इंच

सरकारी खात्यात बांधकामाची मापं तपासणं ही माझी नोकरी. कंत्राटदार भिंत लिहितो नऊ इंची, मी टेप लावतो आणि साडेआठ भरली तर साडेआठच लिहितो. पंचवीस वर्षं हेच केलं. त्यामुळे एखादी गोष्ट आपल्या जागेवर नाही असं दिसलं की मला चैन पडत नाही. झरीच्या अलीकडे आमची वाडी आहे. तिथे त्या वर्षी जे झालं, ते माझ्या या खोडीमुळे झालं.

आमचं घर डहाणूत. वाडीत चिकू आणि खालच्या अंगाला भात. ती मी आणि माझा मोठा भाऊ मिळून बघतो. भाऊ पूर्ण वेळ, मी रविवारी. वाडीला लागून ओहोळ, आणि ओहोळापलीकडे वारल्यांचा पाडा, बेचाळीस घरं. आमच्या वाडीतलं काम त्या पाड्यावर चालतं, आणि त्या पाड्यातल्या निम्म्या घरांची चूल आमच्या वाडीवर. तरी दोन्हीकडे एकमेकांबद्दल कायम एक धास्ती. आमच्याकडे म्हणतात, हे लोक एक दिवस आत घुसून बसतील आणि उठणार नाहीत. त्यांच्याकडे म्हणतात, ही वाडी आमच्या आज्यापणज्याची, यांच्याकडे गेली कशी ते यांनाच ठाऊक. गेली कशी, हे आमच्या घरातही मला कुणी धड सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा वडिलांनी विषय बदलला.

आदल्या साली सरकारी मोजणी होऊन हद्दीचे दगड बसले होते. त्या वर्षी भावाने तारेचं कुंपण घालायचं ठरवलं. गुरं भातात शिरतात हे कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. कुंपणाची ओळ मी आखून दिली. दगड ते दगड दोरी लावली, चुन्याने रेघ मारली. तेव्हा लक्षात आलं की पाड्याचा वाघदेव आमच्या रेघेच्या आत येतो.

वाघदेव म्हणजे सागाची जाड फळी. वर चंद्र, सूर्य आणि मध्ये वाघ कोरलेला, सगळ्यावर शेंदूर. उंची सव्वातीन फूट. गावाची शीव राखायला तो उभा असतो. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, त्या दिवशी पाड्यातली माणसं गुरं घेऊन तिथे जमतात, पूजा करतात. पूजा झाल्याशिवाय घरात नवं धान्य खात नाहीत. मी टेप लावला. रेघेपासून आत, अकरा फूट चार इंच.

आता कुंपण घातलं तर देव आत राहणार, माणसं बाहेर. मला ते बरं वाटेना. त्यांनी दरवर्षी भावाकडे फाटक उघडायची परवानगी मागायची, भावाने कधी द्यायची, कधी नाही. त्यापेक्षा देवच बाहेर, त्यांच्या बाजूला, हद्दीला लागून नीट बसवून दिला तर? हा विचार तेव्हा मला चांगला वाटला. मी उपकार करतोय असंच वाटलं, ते लपवत नाही.

रविवारी सकाळी बायकोने पिशवीत नारळ, उदबत्त्या आणि नवं लाल कापड घालून दिलं. पाडा जवळजवळ रिकामा होता, माणसं दुसरीकडे भात कापायला गेली होती. भाऊ एका लग्नाला वापीला गेला होता. कुंपणाचं काम करणारे तिघे होते, उत्तरेकडून आलेले. त्यांच्यातल्या सर्वात मोठ्याला मी म्हटलं, "ये देव है. आराम से निकालना." त्याने चप्पल काढली, फळीला हात जोडले. मी नारळ फोडला. आम्ही पहारीने माती सैल करून फळी काढली आणि रेघेच्या बाहेर, सहा इंचांवर, खड्डा खणून उभी केली. वाऱ्यापावसाने कलू नये म्हणून खाली काँक्रीट घातलं. सिमेंट, वाळू, खडी, एकास दोनास चार. ओळंबा लावून बघितला, बरोबर सरळ. जुना खड्डा बुजवला. वहीत मापं लिहिली. पाड्यात कुणी भेटेल तेव्हा सांगू, असं ठरवून मी घरी आलो.

नंतरचा शनिवार. मला सुट्टी होती म्हणून एक दिवस आधी गेलो. भात पिकून पिवळं उभं होतं, काही ठिकाणी आडवंही झालं होतं, आणि वाडीत एक माणूस नाही. फाटकाशी आमच्याकडे वीस वर्षं कामाला येणारी बाई बसली होती. पाड्यातल्या बायका तिच्या शब्दावर कामाला येतात, तिच्या शब्दावर थांबतात. वारली माणूस लहानमोठा बघून अहोजाहो करत नाही, सगळ्यांना 'तू'. तीही मला पहिल्या दिवसापासून तूच म्हणते.

"कुणी नाय यायचं," ती म्हणाली. "वाघबारशीच्या आत देव जाग्यावर पायजे. नाय तर गुरं बाहेर नाय, माणसं कामाला नाय. तुझं भात तू काप."

मी विचारलं, काय झालं.

"काय झालं? तुझ्या तारवाल्यांनी देव उपटला आन् शिमिटात गाडला! शीव उघडी पडली. बुधवारी वाघाने माझी बकरी नेली, गाभण. दारातून नेली."

तिकडे बिबट्याला वाघच म्हणतात. बिबट्या दरवर्षी येतो, हे मला माहीत होतं. आदल्या साली दोन बकऱ्या आणि एक कुत्रा गेला होता, तेव्हा देव जागेवरच होता. हे सगळं माझ्या जिभेवर आलं. त्याच्याआधी दुसरं एक वाक्य यायला हवं होतं, ते आलं नाही.

"गुरुवारी आमच्या पोरांनी त्यातल्या मोठ्याला धरला," ती सांगत होती. "तर म्हनतो, सायबाने सांगितलं! तुझं नाव घेतो! म्हून आनखी दोन लगावल्या. सायेब असं नाय करायचा, सायेब मापात चालनारा मानूस."

मला नक्की आठवतं की मी तेव्हा फाटकाच्या कडीकडे बघत होतो. आणि मी म्हणालो, "बघतो मी."

घरी बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं.

"म्हणजे त्या बिचाऱ्याने खरं बोलल्यामुळे मार खाल्ला?"

"हो."

"आणि तुम्ही तिथे उभं राहून 'बघतो' म्हणालात?"

"एकदम सांगितलं असतं तर..."

"तर काय? मारलं असतं? त्या माणसाला मारलं तेवढंच ना." मग म्हणाली, "नारळ मीच दिला होता. त्यांना तेही सांगा."

रविवारी उजाडता कुंपणाची तार तीन ठिकाणी तोडलेली सापडली. भावाने फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "ये." मी पोचलो तेव्हा त्याने अर्ज लिहून तयार ठेवला होता. त्यात पाड्यातल्या तिघांची नावं. पहिलं नाव त्या बाईच्या नवऱ्याचं.

"दादा, कुणी तोडली ते बघितलंय का कुणी?"

"बघायला कशाला लागतं? माझ्या एका माणसाला मारलं, माझी तार तोडली. उद्या झाडं तोडतील. आज गप्प बसलो ना, तर पुढच्या वर्षी तू टेप घेऊन फिर, मोजायला जमीन नाही राहायची."

तेव्हाही मी सांगितलं नाही. भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे आणि तो रागावला की मी आजही सहावीतला होतो. मी एवढंच म्हटलं की पाड्याला भेटून मग अर्ज दे. तो म्हणाला, वाघबारशीपर्यंत थांबतो. त्या दिवशी हे लोक देव जुन्या जागी न्यायला कुंपण पाडून आत यायला निघाले, तर अर्ज सरळ ठाण्यात. त्याने कागदाची चार घड्यांची पट्टी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. वाघबारस शुक्रवारी होती.

मंगळवारी मी रजा टाकली. दुपारी बाराच्या सुमाराला ओहोळाच्या काठी, वाघदेवापाशी, सगळे जमले. आमच्याकडून भाऊ, मी आणि कुंपणवाला मोठा माणूस. गाल अजून सुजलेला. पाड्याकडून तीसएक माणसं, निम्म्या बायका. मधोमध त्यांचा भगत, म्हणजे देवाचं करणारा म्हातारा, उकिडवा बसलेला. डोक्याला टॉवेल. त्याच्याकडे बघून वाटावं की हा झोपलाय.

भाऊ उभ्यानेच बोलला. "कुणाच्या देवाला आम्ही हात लावत नाही. या लोकांनी न विचारता केलं असेल तर त्यांना मी काढून टाकतो. पण तार तोडणाऱ्याने पुढं यावं."

"तार तर तार," मागून एक तरणा बोलला. "देव मोठा का तार मोठी?"

"हद्द मोठी," भाऊ म्हणाला. "सरकारने मोजून दिलीय. देव आमच्या हद्दीत होता, अकरा फूट."

"आज अकरा फूट मोजतो! तुझ्या आज्याने किती फूट घेतलं ते मोज ना एकदा. टेप पुरायची नाय."

हसू उठलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. भावाने खिशावर हात ठेवला. बाईचा नवरा उभा राहिला. तो एरवी शब्द न बोलणारा माणूस, सुतारकाम जाणणारा. त्याच्या हातात कोयता नव्हता, पण दोघातिघांच्या होता. दुसरीकडचं भात कापून आलेली माणसं, कोयता असणारच, तरी भावाची नजर कोयत्यांवरच होती आणि त्यांची त्याच्या खिशावर.

"ह्याला विचारा," भावाने कुंपणवाल्याकडे बोट केलं. "बोल रे. किसने बोला था?"

तो माणूस माझ्याकडे बघत नव्हता. जमिनीकडे बघून म्हणाला, "मेरी गलती है. मैंने अपने मन से किया."

कुंपणाच्या कंत्राटदाराने पढवलं असावं, किंवा खरं बोलून काय मिळतं ते त्याला कळलं होतं.

"खोटं आहे," मी म्हणालो. "मी काढला. मी सांगितलं म्हणून त्याने काढला. नारळ मी फोडला, काँक्रीट मी घालायला लावलं. तो गुरुवारी खरंच बोलत होता."

भाऊ माझ्याकडे वळला. "काय?"

"तू वापीला गेला होतास, दादा."

"आणि आठ दिवस तुझ्या तोंडाला कुलूप होतं?"

मला खरी भीती होती ती बाईची. ती उठून पुढे आली.

"शनवारी तू फाटकाशी व्हतास," ती म्हणाली. "मी त्याला शिव्या घालत व्हते. तुझ्या नावाची गवाही देत व्हते. तू ऐकत व्हतास."

"हो."

"सगळं ऐकलंस?"

"सगळं."

ती परत जाऊन बसली. पाठ करून बसली. त्यानंतर त्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलं नाही.

भगताने डोकं वर केलं. "नारळ फोडलास म्हनतोस?"

"फोडला."

"देवाला विचारलास, उठतोस का म्हून?"

"नाही."

"गावाला विचारलास?"

"नाही."

"मंग नारळ दिलास कोनाला?"

या वेळी हसू आलं ते जरा मोकळं होतं. म्हातारा म्हणाला, "ज्याने उठवला त्याने बसवायचा. आज. उन्हं उतरायच्या आत. सोताच्या हाताने. आन् फळी फुटली तर..." शुक्रवारच्या आत नवी फळी कोरून, तिची स्थापना करून होत नाही हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. फळी फुटली तर वाघबारस नाही. वाघबारस नाही तर भात नाही, आणि खिशातला कागद ठाण्यात.

"आणि जुन्या जागी बसवला की मग?" भाऊ म्हणाला. "कुंपणाचं काय? देव आत, मग माणसं आत?"

मी छिन्नी-हातोडा घेतला.

एकास दोनास चारचं काँक्रीट नऊ दिवसांत किती घट्ट होतं हे मला कुणी सांगायला नको. मीच ते प्रमाण ठरवलं होतं. आजूबाजूची माती काढून गठ्ठा मोकळा केला आणि कडेने फोडायला लागलो. तासाभरात माझ्या हाताला दोन फोड आले आणि मुठीएवढे चार तुकडे निघाले. ऊन डोक्यावर. बायका आपसात बोलायला लागल्या. "सायेब, जरा जोराने!" एक म्हणाली. "कचेरीत हातोडा नसतो गं, पेन असतंय," दुसरी. कुंपणवाला न सांगता माझ्यासमोर येऊन बसला आणि पलीकडून पहार धरली. त्याला कुणी अडवलं नाही.

मग एका घावाला फळीतून आवाज आला. बारीक, वाळकी फांदी मोडावी तसा. माझा हात वरच राहिला.

बाईचा नवरा पुढे आला. गुडघ्यावर बसून त्याने फळीला कान लावला, तळव्याने वरपासून खालपर्यंत चाचपलं. शेंदूर त्याच्या गालाला लागला. चंद्राच्या खाली केसासारखी एक चीर होती. ती जुनी की नवी, मला सांगता येईना. मी वहीत लांबी, रुंदी, जाडी लिहिली होती, चिरा लिहिल्या नव्हत्या.

"जुनी हाय," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या वेळची." मग माझ्या हातातला हातोडा काढून घेतला. "पन आनखी ठोकलंस तर नवी व्हईल. शिमिट लाकडाला धरून बसलाय. तो नाय सुटायचा."

"मग?"

त्याने भगताकडे बघितलं. म्हाताऱ्याने वाकून गठ्ठा चाचपला. शेवटी म्हणाला, "ऱ्हाऊ दे. हाय तसा उचला. सायबाने देवाला बूट घातलाय, तर बुटासकट जाईल."

हे ऐकून बाईची पाठ हलली. ती हसली असावी. मी खात्री देऊ शकत नाही.

जुनी जागा मी वहीतल्या मापांवरून टेप लावून काढायला निघालो, तर म्हातारा आधीच तिथे उभा. बुजवलेली माती ताजीच होती, वहीची गरज नव्हती. मी खणलं. गठ्ठ्यासकट फळी उचलून तुटलेल्या तारेतून आत न्यायला सहाजण लागले. मी, कुंपणवाला, बाईचा नवरा, मघाशी आज्यावरून टोमणा मारणारा तरणा, आणखी एक. सहावा हात कमी पडत होता. वजन एका बाजूला जाऊन फळी कलायला लागली, कुणीतरी ओरडलं, आणि भावाने पुढे होऊन चंद्राच्या बाजूने ती छातीशी धरली. त्याच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर खिशावर, शेंदराचा पट्टा उठला.

देव खड्ड्यात उभा राहिला. मी सवयीने ओळंबा काढला आणि परत खिशात घातला. किंचित पाड्याकडे झुकलेला होता. तसाच राहू दिला.

"आता बोला," भगत म्हणाला. "दोघांनी. हात ठेवून."

भाऊ म्हणाला, "लिहून घेऊ."

"कागदावर आमी आंगठा दिल्याला हाय," म्हातारा म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुझ्या आज्याला. हिकडं हात ठेव आन् बोल. खोटं बोललास तर वाघ बघून घेईल, पोलीस नको."

पाड्याकडून बाईच्या नवऱ्याने हात ठेवला. तो म्हणाला, कामाशिवाय देवाच्या जाग्यापलीकडे पाय टाकणार नाही, गुरं भातात सोडणार नाही, तार तोडणार नाही. तार त्याने तोडली होती की नाही हे तो बोलला नाही. कुणी विचारलंही नाही.

मग भावाची पाळी. माझा भाऊ देवदेव करणारा नाही. त्याच्या दृष्टीने ते लाकूड होतं. एक हात ठेवून चार शब्द म्हणायला त्याला काही अडायला नको होतं. तरी तो उभाच राहिला. हात पुढे नेला, मागे घेतला. मला तेव्हा कळलं की त्याला खोटं बोलायचं नव्हतं. बोलला की पाळावं लागणार, म्हणून तो मनात मोजत होता. मोजायची खोड आमच्या घरातच आहे.

"कुंपण वळवायला किती जागा जाईल?" त्याने मला विचारलं.

मी सांगितलं. देवाला वळणात घेऊन, पूजेला आणि गुरांना उभं राहायला धरून, तीस फूट लांब आणि बारा फूट आत. तीनशे साठ चौरस फूट.

"एका चिकूचीही जागा नाही," तो म्हणाला. मग हात ठेवला. "कुंपण देवाला वळसा घालून जाईल. वाट बंद होणार नाही. मी असेपर्यंत. माझ्या पोरांनाही सांगीन."

त्याने कागद काढून माझ्या हातात दिला. घड्यांवर शेंदूर लागला होता. "तुझ्या फायलीत ठेव," म्हणाला. परतताना गाडीत तो माझ्याशी बोलला नाही. पुढचे दोन आठवडे बोलला नाही.

बुधवारी भातकापणीला एकोणतीस माणसं आली. दुपारच्या भाकरीच्या वेळी बाई कुंपणवाल्याजवळ गेली आणि त्याच्यासमोर आपलं डबडं उघडून ठेवलं. हिंदी तिला येत नाही. "खा," म्हणाली. त्याने खाल्लं. मला तिने काही दिलं नाही.

शुक्रवारी मी गेलो, पण जरा लांबच उभा राहिलो. गुरं आली, पूजा झाली. बायकोने पुन्हा नारळ दिला होता. तो मी या वेळी भगताच्या हातात दिला, आणि फोडायचा की नाही ते त्याच्यावर सोडलं. त्याने फोडला. मग बाई माझ्याजवळ आली. काकडी किसून तांदळाच्या पिठात घालून पानात उकडतात, तसा एक तुकडा तिने दगडावर ठेवला. गरम होता.

"पुढच्या टायमाला आधी विचार," ती म्हणाली. "मंग मोज."

कुंपणाच्या त्या वळणाला सात खांब जास्त लागले. नकाशात रेघ आजही सरळच आहे. मला ते खटकतं, पण मी त्याला हात लावलेला नाही. पौषात बिबट्याने पाड्यातली आणखी एक बकरी नेली, त्या बाईच्याच शेजारघरची. देव जागेवर होता, बुटासकट. रविवारी तिने मला ते सांगितलं. आदल्या सालच्या बकऱ्यांचा हिशेब मी काढला नाही. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि चिकू उतरवायला वर गेली.